कुत्रं पलंगावर चढणारच, मग चादर कुठली घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला पलंगावर येऊ द्यायचं की नाही, हा वाद ज्या घरांत मिटला आहे (म्हणजे कुत्रं जिंकलं आहे), त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. ज्यांचा वाद अजून चालू आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. निकाल काय लागणार ते साधारण ठरलेलंच असतं.

एकदाच पैसे घालू, पण वर्षानुवर्षं टिकेल अशी चादर सांगा. कुठली घ्यावी?

अशी एकच चादर शोधत बसू नका. टिकाऊ म्हटलं की दुकानदार जाड कापड काढून दाखवतो, आणि जाड कापडाची खरी गंमत धुताना कळते. हिशेब मांडून बघा. क्वीन पलंगाची चादर साधारण ९० बाय १०० इंच, म्हणजे पावणेसहा चौरस मीटरच्या आसपास कापड. ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारं कॅनव्हास घेतलं तर कोरडी चादरच पावणेदोन किलोची होते. साध्या सुती चादरीचं कापड १३० जीएसएमच्या आसपास असतं. त्याच मापाची ती चादर पाऊण किलो. भिजल्यावर कुठली उचलून पिळवते आणि कुठली आधी वाळते, हे वेगळं सांगायला नको.

कुत्र्याच्या घरात वरची चादर आठवड्यातून एकदा तरी धुवावी लागते, पावसाळ्यात दोन-तीनदा. जी धुवायचा कंटाळा येतो ती धुतली जात नाही, मग लेबलवर ‘वॉशेबल’ कितीही ठळक छापलेलं असो. म्हणून दुकानात आधी वाळण्याचा विचार करा: आज रात्री धुतली तर उद्या संध्याकाळी अंथरता येईल का? फाटण्याची काळजी त्यानंतर.

मग गादी कशी वाचवायची? पातळ चादरीतून सगळं खाली जाईल ना?

जाईल, म्हणून एका चादरीवर सगळा भार टाकायचा नाही. गादीवर आधी वॉटरप्रूफ प्रोटेक्टर. त्यावर तुमची नेहमीची, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर. आणि त्यावर, कुत्रं जिथे लोळतं तेवढ्याच भागावर, एक सुटं अंथरूण. हे तिसरं अंथरूण म्हणजे या सगळ्याचा गाभा. ते सिंगल पलंगाच्या चादरीएवढं, ६० बाय ९० इंचांचं असलं तरी पुरतं. क्वीन पलंगावर ते आडवं टाकलं की पायथ्याची बाजू झाकली जाते, आणि बहुतेक कुत्र्यांना जागा पायथ्याशीच मिळते. (डोक्याशी झोपणारी मंडळी असतात. त्यांनी उशीच्या अभ्र्याखाली आणखी एक अभ्रा घालावा.)

मातीचे पाय, लाळ, केस, सगळं त्या वरच्या कपड्यावर येतं. तो काढला, झटकला, मशीनमध्ये टाकला, दुसरा अंथरला. खालची चादर तुमच्या सवयीप्रमाणे धुवा. वरचे असे तीन तुकडे हवेत: एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर चार.

कापड नेमकं कोणतं बघायचं?

घट्ट, साध्या विणीचं सुती. कापड डोळ्यांजवळ धरून बघा. साध्या विणीत आडवा धागा उभ्या धाग्यांच्या एकाआड एक वर-खाली जातो, त्यामुळे कुठलाच धागा लांबवर मोकळा सुटलेला नसतो. सॅटिन विणीत तोच धागा चार धाग्यांवरून उडी मारून पाचव्याखाली जातो. चादर झुळझुळीत दिसते ती त्या लांब उड्यांमुळेच, आणि कुत्र्याचं नख अडकतं तेही तिथेच. एकदा धागा ओढला गेला की त्या रेषेत कापड चुरगळतं आणि पुढच्या धुण्यांत विरायला लागतं.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. कापडाच्या कोपऱ्यावरून आपलं नख जरा दाबून फिरवा. धागे सरकून वाट पडली तर ठेवून द्या. मग कापड दिव्यासमोर धरा. उजेड एकसारखा झिरपतोय की ठिपक्याठिपक्यांनी आरपार येतोय ते दिसेल. ठिपके जास्त म्हणजे वीण विरळ, आणि विरळ विणीत केस टाचणीसारखे रुततात. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू दे.

साध्या विणीला चांगला पर्याय म्हणजे पातळ ड्रिल किंवा तत्सम तिरप्या विणीचं कापड, ज्याच्या पँटी शिवतात ते. नखांना ते साध्या चादरीपेक्षा जास्त पुरतं. पण पूर्ण पलंगासाठी ते जड होतं, वरच्या सुट्या तुकड्यासाठीच घ्या.

थ्रेड काउंट १००० लिहिलेली चादर घेतली तर?

पैसे वाया. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत तो थ्रेड काउंट. साध्या धाग्यांनी हजार धागे एका इंचात बसतच नाहीत. एका धाग्यात पिळलेले दोन-तीन-चार बारीक पदर वेगवेगळे मोजून तो आकडा फुगवलेला असतो. शिवाय इतक्या बारीक सुताच्या चादरी बहुधा सॅटिन विणीच्याच असतात. कुत्र्याच्या घरात १८० ते ३०० पुष्कळ झाला.

सोलापुरी चादर चालेल का? आमच्याकडे लग्नात आलेल्या पाच पडून आहेत.

चालेल, पण कुठे वापरायची ते ठरवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, सूत जाड आहे आणि नक्षी छापलेली नसून जॅकार्ड मागावर विणलेली असते. म्हणून ती धुऊन उडत नाही आणि चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूचा पार अवतार झाला की उलटी करून आणखी काही दिवस काढता येतात.

अडचणी दोन. नक्षी विणताना काही धागे कापडावर लांब सुटतात. ज्या कुत्र्याला झोपण्याआधी तीन फेऱ्या मारून अंथरूण उकरायची सवय आहे, ते बरोबर त्याच धाग्यांत नख घालतं. आणि ती वाळायला वेळ घेते. उन्हाळ्यात सोलापुरात ती दुपारभरात कडक होईल, जुलैत रत्नागिरीला दोन दिवसांनीही काखेत धरल्यावर गार लागेल. तेव्हा ऑक्टोबर ते मे सोलापुरी, पावसात पातळ कपडा, अशी वाटणी करा. उकरणाऱ्या कुत्र्याला मात्र ती जमिनीवर, दुहेरी घडी घालून द्या. गडद रंगाच्या चादरी पहिल्या दोन-तीन वेळा वेगळ्या भिजवा, लाल आणि जांभळ्या तर नक्कीच.

जमिनीवरच्या बिछान्यासाठी जुनी सतरंजी सगळ्यात उत्तम. वीण सपाट आणि गच्च असल्याने नखांना धरायला फारसं काही मिळत नाही.

आणि गोधडी?

कुत्र्यांना गोधडी का आवडते ते त्यांनाच माहीत, पण चार चादरी अंथरल्या तरी ती गोधडीवरच जाऊन बसतात. जुन्या लुगड्यांचं सूत शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं असतं, माणसांचा वास मुरलेला असतो, आणि थरांमुळे ऊबही असते. कारवान किंवा मुधोळसारख्या हाडकुळ्या, पातळ कातडीच्या कुत्र्यांना तर हे थर उपयोगाचेच. नुसत्या फरशीवर झोपून त्यांच्या कोपरांना घट्टे पडतात.

पण आजीने शिवलेली, सहा-सात थरांची गोधडी कुत्र्याला देऊ नका. गावाकडे घटस्थापनेआधी सगळ्या गोधड्या-वाकळा नदीवर नेऊन धुतात, म्हणजे वर्षातून एकदाच होणारं ते काम. दर आठवड्याला ते कोण करणार? कुत्र्यासाठी वेगळी शिवा. दोन किंवा तीनच थर, सगळे सुती. नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या मध्ये घालू नका, त्या आत सरकतात आणि गोळा होतात. टाके एरवीपेक्षा जवळजवळ आणि आखूड घ्या. लांब टाका म्हणजे नखाला आमंत्रण. कडेला गोट हवाच. तिच्यावर अभ्र्यासारखी खोळ चढवलीत तर गोधडी महिन्याने धुवा, खोळ आठवड्याने.

फ्लीस, मखमल, टर्किश टॉवेल, मायक्रोफायबर?

फ्लीस आणि मखमल केस सोडत नाहीत. टर्किश टॉवेलच्या फासांत नखं अडकतात आणि कुत्रं घाबरून पाय ओढतं तेव्हा टॉवेल आणि नख दोन्ही दुखावतात. मायक्रोफायबर झटपट वाळतं, डागही लवकर सुटतात, हे मान्य. पण विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात त्यात स्थिर वीज तयार होते आणि केस चिकटून बसतात. उन्हाळ्यात त्यावर माणसाला घाम येतो. पावसाळ्यापुरतं ठेवायला वाईट नाही.

सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्रण हा मधला मार्ग आहे. सुरकुत्या कमी, वाळतं लवकर. काही महिन्यांनी बारीक गोळे येतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घेताना काय बघावं?

मागची बाजू. जुन्या पद्धतीचे प्रोटेक्टर पीव्हीसीचे असतात. ते कुस बदलताना कुरकुरतात, उकडतं, आणि खाली ओल कोंडून कापसाच्या किंवा काथ्याच्या गादीला बुरशी येते. आता टीपीयू नावाचा पातळ, लवचीक थर लावलेले मिळतात. त्यातून पाणी जात नाही, पण वाफ थोडीफार जाते. लेबलवर टीपीयू किंवा पॉलियुरेथेन लिहिलेलं आहे का ते वाचा. बाजू झाकणारं इलॅस्टिक तुमच्या गादीच्या जाडीला पुरेल का तेही. चार इंची गादीचं प्रोटेक्टर आठ इंची गादीवर ताणून बसवलं की पहिल्या उडीतच एक कोपरा सुटतो.

याला इस्त्री नाही, ब्लीच नाही, उकळतं पाणी नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर टाकू नका, तो थर तडकतो आणि कापडापासून सुटतो. वॉटरप्रूफ बाजू आत करून सावलीत वाळवा. मशीनमध्येही जोरात पिळायचं नाही, कारण पाणी त्यात फुग्यासारखं साठून ड्रम हादरतो.

घरात बाळाची ड्रायशीट पडून असेल तर तिचाही उपयोग होतो. तिच्या लोकरी बाजूला केस चिकटतात म्हणून ती वरच्या कपड्याच्या खाली घाला. साधं मेणकापड एक-दोन रात्रींपुरतं ठीक, कायमचं नको.

पावसाळ्यात काही केल्या वास जात नाही. काय करावं?

वास बहुतेक वेळा कुत्र्याचा नसतो, अर्धवट वाळलेल्या कापडाचा असतो. कापड रात्रभर ओलसर राहिलं की जंतू वाढतात, आणि त्यात लाळ-तेलकटपणा उरलेला असेल तर कुबट वास मुरतो. मग त्यावर सुवासिक सॉफ्टनर ओतला जातो आणि दोन वास एकत्र नांदू लागतात.

पहिली गोष्ट दारात करायची. फिरून आल्यावर पाय पुसायला पंचा ठेवा. टॉवेलपेक्षा तो पातळ, बोटांच्या बेचक्यांत शिरतो आणि पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळतो. पोटाखालचा भाग पुसायला विसरू नका, बुटक्या कुत्र्यांचा सगळा चिखल तिथे असतो.

चादर धुतल्यावर मशीनमध्ये पिळण्याचं चक्र दोनदा फिरवा. वाळत घालताना घडी पडू देऊ नका. एका चादरीला दोन दोऱ्या द्या, म्हणजे मधून वारा फिरतो. घरात स्टँडवर घालत असाल तर पंखा वरून लावण्यापेक्षा टेबलफॅन बाजूने लावा. तरी कुबट वास आलाच, तर अर्धी बादली पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, खंगाळा, मग नेहमीसारखं धुवा. व्हिनेगर आणि क्लोरीन ब्लीच एकत्र कधीही करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

मातीचे डाग कसे काढायचे?

कुठल्या मातीचे? घाटावरची काळी माती दिसायला भयानक, पण पूर्ण वाळू दिली, ब्रशने झाडली आणि मग गार पाण्यात साबणात भिजवली की बरीचशी निघून जाते. ओली असताना चोळायची मात्र नाही, चिकणमाती धाग्यांत आणखी आत जाते.

कोकण-गोव्यातली तांबडी माती वेगळं प्रकरण आहे. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका अर्थी तो गंजाचा डाग असतो. बहुतेक घरांत अशा वेळी पांढऱ्या चादरीवर क्लोरीन ब्लीच ओततात, आणि नेमका त्यानेच डाग पक्का बसतो. तांबडी मातीही आधी वाळवून झाडा आणि साबणाने धुवा. उरलेल्या पिवळट-तांबूस डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग खंगाळा. आम्लाने लोह सुटतं. रंगीत कापडावर आधी एका कोपऱ्यात करून बघा. जांभा दगडाच्या अंगणात वाढणाऱ्या कुत्र्यासाठी चादरही विटकरी किंवा बदामी रंगाची घेतलीत तर अर्धी कटकट जन्मालाच येणार नाही.

पलंगावर सू केली. आधी काय करू?

आधी टिपा, चोळू नका. जुने पंचे दाबून दाबून जेवढं शोषलं जाईल तेवढं शोषून घ्या. मग चादर गार पाण्याखाली धरा. त्यानंतर एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीत कोमट पाण्यात अर्धा-एक तास भिजवा. पुडक्यावर घटकांत ‘एन्झाइम’ लिहिलेलं असतं. या एन्झाइमांना काम करायला वेळ लागतो आणि उकळत्या पाण्यात ती निकामी होतात, म्हणून घाई नको आणि कढत पाणीही नको.

कुत्र्याच्या लघवीत युरिक आम्लाचे खडे साचतात म्हणून वास जात नाही, असं इंटरनेटवर जागोजागी वाचायला मिळतं. पण बहुतेक कुत्र्यांत ते युरिक आम्ल शरीरातच पुढे पाण्यात सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलँटॉइनमध्ये बदलतं. डाल्मेशियन हा प्रसिद्ध अपवाद. वास येतो तो मुख्यतः युरिया कुजून होणाऱ्या अमोनियाचा. म्हणूनच अमोनियाच्या वासाचे क्लीनर वापरायचे नाहीत, कुत्र्याला ती जागा आपलीच वाटते. आणि ताज्या लघवीवर थेट ब्लीच ओतू नका, घशाला झोंबणारी वाफ येते.

गादीपर्यंत गेलंच असेल तर टिपून झाल्यावर खायचा सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा आणि गादी उभी करून वाऱ्यावर ठेवा. कुत्र्याने आजवर कधी केली नसेल आणि अचानक पलंगावर करू लागलं असेल, तर चादरीपेक्षा डॉक्टरांकडे आधी बघा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनी, यातलं काहीही असू शकतं.

पावसाळ्यात आणखी एक जपा. आजारी, लेप्टोची शंका असलेल्या कुत्र्याची लघवी उघड्या हातांनी पुसू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू लघवीतून येतात आणि ओलाव्यात टिकतात, पूर्ण वाळल्यावर मरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. हातमोजे घाला, ती चादर वेगळी धुवा, उन्हात कडक वाळवा, आणि कुत्र्याची लेप्टोची लस दरवर्षी चुकवू नका.

रक्त आणि ओकारी?

गार पाणी, लगेच. गरम पाण्याने प्रथिनं कापडात घट्ट बसतात. मादी माजावर असताना रक्ताचे डाग आठवडाभर तरी पडतात, तेवढे दिवस गडद रंगाचा कपडा अंथरा.

केसांमुळे मशीन तुंबतं. उपाय?

केस मशीनमध्ये जाण्याआधी काढायचे. ओले केस गोळा होऊन कापडाला, ड्रमच्या रबराला आणि शेवटी पंपाच्या जाळीला चिकटतात. कोरड्या चादरीवर भांडी घासायचे रबरी हातमोजे किंचित ओले करून एकाच दिशेने फिरवा, केसांच्या वळकट्या होऊन निघतात. लॅब्रॉडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांचे आतले मऊ केस असेच सुटतात. गावठी कुत्र्याचे आखूड, राठ केस मात्र कापडात आडवे घुसतात. त्यांना चिकटपट्टीचा रोलरच लागतो. धुऊन झाल्यावर खालची जाळी उघडून साफ करा आणि मशीन एकदा रिकामं फिरवा.

चादर बाल्कनीतून झटकण्याआधी खाली डोकावून बघा. खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत असतील तर पुढच्या सोसायटी मीटिंगचा विषय तुम्हीच आहात.

किती गरम पाण्यात धुवायची? गोचीड मरतात का?

एरवी ४० अंश पुरे. घरात गोचीड, पिसवा किंवा कुत्र्याला खरूज-गजकर्ण झालं असेल तर ६० अंश. फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी तापवायची सोय असते. पुष्कळशा टॉप लोडमध्ये नसते, तेव्हा बादलीत गरम पाणी घेऊन अर्धा तास बुडवून ठेवा आणि काठीने ढवळा.

गोचीड थंड पाण्यात धुतल्याने मरत नाही, साबणाच्या पाण्यातून फिरून जिवंत बाहेर येते. तिला कोरडी उष्णता मारते. ड्रायर असेल तर कडक तापमानावर, नसेल तर कडक उन्हात पूर्ण वाळेपर्यंत. आणि चादर धुऊन प्रश्न सुटत नाही, कारण कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आपला सगळा जन्म घरातच काढू शकते. मादी हजारो अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यांत. कुत्र्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध, फटींची सफाई आणि धुणं ही तिन्ही एकाच आठवड्यात झाली पाहिजेत.

सॉफ्टनर, जंतुनाशक, डांबरगोळ्या वापरल्या तर चालतं का?

सॉफ्टनर टाळा. त्याचा थर धाग्यांवर बसतो, कापड पाणी शोषत नाही, आणि काही कुत्र्यांना खाज सुटते. साबणही नेहमीपेक्षा कमी आणि खंगाळणं एकदा जास्त. कुत्रं अंथरूण चाटतं, तेव्हा त्यात उरलेलं सगळं पोटात जातं. फिनेल किंवा तत्सम जंतुनाशकाच्या पाण्यात चादर बुडवू नका. घरात मांजर असेल तर अजिबात नको, मांजरांना फिनॉल फार बाधतं.

डांबरगोळ्या कपाटातूनच काढून टाका. नॅफ्थलिनच्या गोळ्या कुत्र्याला विषारी असतात, आणि घडीतून एखादी गोळी घरंगळली की कुत्रं आधी ती तोंडात घालतं. त्याऐवजी सुकलेला कडुलिंबाचा पाला पातळ पिशवीत बांधून ठेवा.

पिल्लू चादर कुरतडतं. दातांना पुरेल असं कापड आहे का?

नाही. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांच्या वयात दात बदलतात. तोवर चांगली चादर बाहेरच काढू नका, जुन्या धोतराचे तुकडे अंथरा. झालर, गोंडे, बटणं, लोंबत्या नाड्या असलेलं काहीही नको. लांब दोरा गिळला गेला तर तो आतड्यात अडकून आतडं चुण्यांसारखं गोळा होऊ शकतं. शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या.

शिवून घ्यायची असेल तर शिंप्याला काय सांगू?

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथल्या मागांवरचं सुती कापड गावोगावी मीटरने मिळतं. मोठ्या पन्ह्याचं मागा म्हणजे मधे जोड द्यावा लागत नाही. जोड असला की कुत्रं तिथेच उकरतं. कापड शिवायच्या आधी धुवा, सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, आणि आटलेली चादर गादीवर बसत नाही. दोरा पॉलिएस्टरचा सांगा, सुती दोरा कापडाआधी कुजतो. शिलाई दुहेरी, कडा आत दुमडून, नुसतं इंटरलॉक नको. इलॅस्टिक फक्त कोपऱ्यांना न लावता चारही बाजूंनी फिरवून घ्या. खोळ असेल तर चेन भिंतीच्या बाजूला, आणि चेनवर कापडाची पट्टी.

रंग कुठला?

कुत्र्याचा.

म्हातारं कुत्रं झोपेत गळतं. रोज चादर कशी बदलायची?

रोज एवढी मोठी चादर बदलायची नाही. वयस्कर माणसांसाठी मिळणारे अंडरपॅड, धुऊन वापरायचे, असे तीन-चार घ्या. ते कुत्र्याच्या कमरेखाली येतील असे अंथरा आणि वर एक पातळ सुती कपडा. अंग ओलं राहिलं की मांड्यांच्या आत कातडी लाल होते, म्हणून ते कोरडं राहतंय ना हे रात्री एकदा हात लावून बघा. गळणं वयाचंच आहे असं धरून चालू नका. विशेषतः नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये यावर औषध असतं आणि ते लागूही पडतं. पलंगावर चढताना सांधे दुखत असतील तर खाली घट्ट फोमची वेगळी गादी द्या. रेक्झिनवर ते घसरतात, त्यावर जुनी सतरंजी बरी.

सासूबाई म्हणतात, कुत्र्याच्या चादरी आमच्या कपड्यांत धुवायच्या नाहीत.

त्यांचं ऐका. केसांचं आणि जंतूंचं बघितलं तरी वेगळं धुणंच बरोबर आहे. दोन टोपल्या, दोन चिमट्यांचे जुडगे, आणि देवघराच्या दोरीपासून लांब वेगळी दोरी. इतक्यावर बहुतेक घरांत तह होतो. पुढच्या काही महिन्यांत कुत्रं त्यांच्या खाटेवर सापडलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका आणि बोलून दाखवू तर अजिबात नका.

विरलेल्या चादरींचं काय करायचं?

मधला भाग विरतो, कडा शाबूत असतात. मधून उभी फाडा, बाहेरच्या कडा मध्ये आणून शिवा. आणखी बरेच महिने जाते. त्याच्याही पलीकडे गेली असेल तर पाय पुसायचे तुकडे करा. भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या निवाऱ्यांना जुन्या सुती चादरी हव्या असतात, पण आधी फोन करून विचारा आणि इलॅस्टिक, चेन, बटणं कापून मगच द्या.